धूमकेतूंची धूळ आणि चांद्याचे आकाश

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजी, रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून प्रकाशाचा एक लांब लोळ सरकत गेला. तो खानदेशात दिसला, माळव्यात दिसला, आणि गुढ्या उतरवून लोक नुकतेच जेवणाखाण्यास लागले होते त्या चंद्रपूर जिल्ह्यातही दिसला. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे एक प्रचंड कडे आकाशातून पडले. त्याचा व्यास दोन-तीन मीटर व वजन सुमारे ४० किलो भरले. जवळच्याच पवनपार गावच्या परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. उल्कावर्षाव झाला, ही पहिली आवई. पुढे जाणकारांनी हिशेब करून सांगितले, की ही वस्तू उल्का नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या 'चँग झेंग ३-ब' ह्या चिनी अग्निबाणाचा तो शेवटला टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहून तो अखेर वातावरणात शिरला व जळत जळत खाली आला.

ही चूक लोकांनी केली म्हणून त्यांस हसण्याचे कारण नाही. उल्का म्हणजे काय, ह्याचा उलगडा मोठमोठ्या ज्योतिष्यांस होण्यास एकोणिसावे शतक उलटत आले, आणि तो उलगडाही सरळ वाटेने झाला नाही. परंतु ह्या दोन वस्तू निराळ्या ओळखण्याची एक सोपी खूण आहे, ती अगोदर सांगून टाकतो. पृथ्वीभोवती फिरणारे कोणतेही यंत्र सेकंदास सात-आठ किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात उतरत नाही. म्हणून त्याचा लोळ मिनिट-दोन मिनिटे संथपणे आकाश ओलांडीत राहतो व त्याचे तुकडे होताना डोळ्यांस दिसतात. उल्केचा वेग सेकंदास ११ पासून ७२ किलोमीटरांपर्यंत असतो. पापणी लवण्याच्या आत ती चमकते व विझते. आणि जी उल्का धूमकेतूपासून आलेली असते, ती बहुधा वाळूच्या कणाहून मोठी नसते. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरच तिची राख होते. जमिनीवर दगड किंवा लोखंड होऊन जे येते ते लघुग्रहांच्या घरचे. धूमकेतूची धूळ लाडबोरीच्या कड्याप्रमाणे कोणाच्या शेतात कधीच पडत नाही.

ही धूळ व धूमकेतू ह्यांचे नाते जोडणे हीच खरी कठीण गोष्ट होती. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंस एक अध्याय दिला आहे व उल्कांस दुसरा. दोहोंत फळे सांगितली आहेत, प्रकार सांगितले आहेत. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल ही शंका तेथे नाही. केतूचे उदयास्त गणिताने कळणे शक्य नाही, असे मात्र त्याने स्वच्छ म्हणून ठेवले आहे, आणि आपले अज्ञान इतक्या सरळपणे सांगणारा ग्रंथकार विरळाच. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून दोन हजार वर्षे धूमकेतू व उल्का ह्या दोन्ही हवेतल्याच गोष्टी समजल्या जात. धूमकेतू चंद्रापलीकडे आहेत हे सोळाव्या शतकात ठरल्यावर त्यांची बढती झाली, उल्का मात्र हवेतच राहिल्या.

चांद्याच्या रानात आकाश पाहणारे नव्हते असे समजू नये. मयंक वाहिया व गणेश हलकारे ह्या संशोधकांनी महाराष्ट्र, आंध्र व मध्यप्रदेश ह्यांतील सुमारे १५ गोंड गावांत फिरून तेथील नक्षत्रविद्या टिपून घेतली व ती २०१३ साली प्रसिद्ध केली. आपण ज्यांस सप्तर्षी म्हणतो त्यांतील चार ताऱ्यांची गोंडांच्या दृष्टीने खाट होते आणि मागचे तीन तारे ती पळविण्यास आलेले चोर ठरतात. ही दृष्टी संस्कृत परंपरेहून अगदी स्वतंत्र आहे. दोन हजार वर्षे एकाच आकाशाखाली राहूनही तिने ऋषींस खाटेवर बसू दिले नाही, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

आता मूळ कथेकडे वळू. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे उत्तर अमेरिकेत उल्कांचा असा पाऊस पडला, की मोजणाऱ्यांनी मोजणे सोडून दिले. अनेकांस जगाचा अंत आला असे वाटले. येल येथील ऑल्मस्टेड ह्या अध्यापकाने मात्र ठिकठिकाणची पत्रे जमवून एक गोष्ट हेरली. सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फुटल्यासारख्या दिसत होत्या, आणि आकाश फिरे तसा तो बिंदूही ताऱ्यांबरोबर फिरे. ह्याचा अर्थ काय, तो आलापल्लीकडच्या सागवानाच्या लागवडीत उभे राहिल्यास कळतो. झाडांच्या रांगा एकमेकींस समांतर असतात, पण दूरवर पाहिले म्हणजे त्या एका ठिकाणी मिळाल्याशा दिसतात. उल्काही समांतर येत होत्या, आणि त्या हवेतल्या नसून बाहेरून येत होत्या. हे ठरले तेथे उल्कांचा हवेशी असलेला जुना संबंध तुटला.

ह्या वर्षावाचे पूर्वीचे उल्लेख जुळवून येल येथीलच न्यूटन ह्यांनी तेहतीस वर्षांचे चक्र काढले व १८६६ च्या नोव्हेंबरात वर्षाव पुन्हा होईल असे भाकीत केले. तो युरोपात झालाही. त्याच सुमारास मिलान येथील स्कियापरेल्ली ह्यांनी दाखवून दिले, की ऑगस्टात ययाती तारकापुंजातून येणाऱ्या उल्का ज्या कक्षेत फिरतात तीच १८६२ साली दिसलेल्या धूमकेतूची कक्षा आहे. मग सिंहेच्या उल्कांचा धनी शोधणे ओघानेच आले. टेंपल ह्यांनी डिसेंबर १८६५ मध्ये व टटल ह्यांनी जानेवारी १८६६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या एका लहानशा धूमकेतूची कक्षा तिच्याशी तंतोतंत जुळली. दोन अध्यायांचा असा एक अध्याय झाला.

ह्यानंतरची एक हकीकत हिंदुस्थानाशी संबंध असलेली आहे. १८२६ साली सापडलेला बिएलाचा धूमकेतू दर साडेसहा-पावणेसात वर्षांनी येई. १८४६ साली पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले. १८५२ साली ते दोघे दूर दूर चाललेले दिसले. पुढे कोणास दिसले नाहीत. २७ नोव्हेंबर १८७२ रोजी पृथ्वी त्याच्या वाटेवरून गेली तेव्हा युरोपात हजारो उल्का पडल्या. धूमकेतूची माती झाली होती व ती आपल्या अंगावर पडत होती. गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस ह्यांस वाटले, की उल्का ज्या दिशेने आल्या तिच्या बरोबर उलट दिशेस धूमकेतू निघून जाताना दिसला पाहिजे. ती दिशा दक्षिण आकाशात पडत होती, जर्मनीतून दिसण्यासारखी नव्हती. त्यांनी मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन ह्यांस तार केली. पॉग्सन ह्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ढगांतून सवड मिळेल तेव्हा, दोन पहाटे सांगितलेल्या भागात खरोखरच एक धूमकेतू पाहिला! पुढे आभाळ भरले. नंतरच्या गणिताने ठरले ते असे, की तो बिएलाचा धूमकेतू असणे शक्य नव्हते. कोणी तिसराच वाटसरू योगायोगाने तेथे होता. तरीही ही हकीकत आम्हांस मोलाची वाटते. आदल्या आठवड्यात युरोपच्या आकाशात जळालेल्या धुळीवरून तिच्या धन्याचा पत्ता काढावा आणि तो मद्रासेस तारेने कळवावा, इतका विश्वास त्या गणितावर तेव्हा बसला होता.

हा विश्वास १८९९ साली चांगलाच खचला. सिंहेचा वर्षाव त्या नोव्हेंबरात होणार म्हणून वृत्तपत्रांनी गाजावाजा केला, लोक रात्ररात्र गच्च्यांवर बसले, आणि काही तुरळक उल्कांपलीकडे काही झाले नाही. गुरू व शनी ह्यांच्या ओढीने धुळीचा पट्टा पृथ्वीच्या वाटेवरून बाजूस सरला आहे, अशी सूचना स्टोनी व डाउनिंग ह्यांनी ऐनवेळी दिली होती. पण ऐनवेळची सूचना ऐकतो कोण? सर्वसामान्य लोकांच्या मनात ज्योतिषशास्त्राची जी पत होती ती त्या रात्रीने घालविली. चूक कोठे झाली होती, हे सांगण्यास मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ती समजण्यासाठी धूमकेतू धूळ टाकतो कशी, हे पाहिले पाहिजे. धूमकेतूचा गाभा बर्फाचा व धुळीचा असतो, हे मत व्हिपल ह्यांनी १९५० साली मांडले व आता ते सर्वमान्य आहे. सूर्याजवळ आल्यावर बर्फाची वाफ होते व ती आपल्याबरोबर धुळीस उडवून नेते. त्यापुढे जे घडते ते धानाच्या खळ्यावर दरवर्षी घडते. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा शेतकरी सूप उंच धरून धान उपणतो, तेव्हा फोल वाऱ्यावर दूर जाते, पोचट दाणा त्याहून अलीकडे पडतो, आणि भरीव दाणा पायाशी पडतो. धूमकेतूच्या खळ्यावर वाऱ्याचे काम सूर्यप्रकाश करतो. प्रकाशाला दाब असतो. कण जितका बारीक तितका तो दाब सूर्याच्या आकर्षणाच्या मानाने जास्त भरतो. केसाच्या जाडीचाही अंश असलेले कण त्यामुळे मागे रेटले जातात व वाकडे, पिवळसर, भव्य शेपूट तयार होते. वाळूएवढे कण मात्र त्या दाबास जुमानत नाहीत. ते धूमकेतूच्या मागेपुढे त्याच्याच वाटेवर चालत राहतात.

शेपटाचे हे गणित बेसेल ह्यांनी १८३५ च्या हॅले-दर्शनानंतर आरंभिले, आणि रशियाच्या ब्रेदिखिन ह्यांनी ते पुष्कळ पुढे नेले. शेपटात दोन जातींच्या रेषा कल्पिता येतात: एकाच वेळी सुटलेल्या लहानमोठ्या कणांची एक रेषा, व निरनिराळ्या वेळी सुटलेल्या एकाच मापाच्या कणांची दुसरी. ह्या दोन जाळ्यांत शेपटाचे चित्र बसविले म्हणजे कोणत्या दिवशी किती व कसली धूळ सुटली हे मागे जाऊन सांगता येते. १९६८ साली फिन्सन व प्रोबस्टीन ह्यांनी आरेंड-रोलां धूमकेतूवर हे गणित पूर्णपणे चालवून दाखविले, आणि आजही धूमकेतूच्या शेपटाचा अभ्यास करणारा तीच वाट धरतो.

परंतु उल्का शेपटातून येत नाहीत, ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. फोल उडून जाते; उल्का होते ती दाण्याची. आणि दाणा दिसत नाही. सेकंदास चाळीस-एक किलोमीटर धावणाऱ्या धूमकेतूपासून तो काही मीटरांच्या फरकाने सुटतो, म्हणून त्याचा फेरा धूमकेतूपेक्षा थोडासा लांबतो किंवा आखडतो. पुढल्या फेऱ्यापर्यंत त्या दाण्यांची एक लांबच लांब, पण अतिशय बारीक दोरी होते. प्रत्येक आगमनाची दोरी निराळी. गुरू व शनी त्यांतील एकेकीस निरनिराळ्या रीतीने ओढतात. एकोणिसाव्या शतकातल्या गणित्यांनी ह्या सगळ्या दोऱ्यांचा एकच दोरखंड समजून हिशेब केला होता, आणि १८९९ चे भाकीत फसले त्याचे कारण हेच. एकेक दोरी सुटी धरून तिचा हिशेब कोंद्रात्येवा व रेझनिकोव्ह ह्यांनी १९८५ साली केला. तो फारसा कोणी वाचला नाही. मग मॅकनॉट व ॲशर ह्यांनी हीच रीत नव्याने उभी करून १८ नोव्हेंबर १९९९ च्या वर्षावाची वेळ सांगितली. ती पाच-सहा मिनिटांच्या फरकाने खरी ठरली. हिंदुस्थानात तेव्हा सकाळ उजाडली होती. आपल्या वाट्यास काही आले नाही.

ह्या रीतीने एक नवीनच गोष्ट हाती आली, आणि इतिहासाच्या अभ्यासकास ती मोहात पाडणारी आहे. प्रत्येक वर्षावाच्या धुळीस आता तारीख लावता येते. १८३३ साली अमेरिकेस भिवविणारी धूळ १८०० साली सुटलेली होती. १८६६ ची धूळ १७३३ ची. ज्या १८९९ साली ज्योतिष्यांची फजिती झाली, त्याच साली तो धूमकेतू कोणाच्याही दुर्बिणीस न दिसता सूर्याजवळून निघून गेला व मागे एक दोरी टाकून गेला. मध्यप्रांत तेव्हा दुष्काळात होरपळत होता. १९६६ साली अमेरिकेने पाहिलेला प्रचंड वर्षाव त्या दोरीचा, आणि १९९९ चाही तिचाच. म्हणजे निराश होऊन लोक गच्च्यांवरून उतरले, तेव्हा पुढल्या दोन वर्षावांची बेगमी होऊन चुकली होती.

आमच्या प्रदेशास सर्वांत जवळून गेलेला वर्षाव २००१ सालचा. १८ नोव्हेंबरच्या रात्री अकरा ते बारा ह्या सुमारास पृथ्वी दोन दोऱ्यांतून गेली. एक दोरी १६९९ सालची: राजाराम महाराज तेव्हा हयात होते व चांद्याच्या परकोटात गोंड राजे नांदत होते. दुसरी १८६६ सालची: भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजी जिल्हा बनला होता. त्या दोहोंच्या मधली, १७६७ ची दोरी, म्हणजे चांदा घेऊन बसलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीतली, त्याच दिवशी काही तास अगोदर अमेरिकेच्या वाट्यास आली. चांद्यास ह्या खेळाचा ऐन भर व सिंहेचा उदय ह्यांची गाठ क्षितिजावरच पडली. मघांचे कोयतीसारखे टोक पूर्वेच्या झाडीवर येण्याची व धूळ शिगेस पोचण्याची वेळ जवळजवळ एकच. उगमबिंदू क्षितिजाशी असला म्हणजे उल्कांची संख्या कमी भरते, पण एकेक उल्का वातावरणास घासून अर्धे आकाश लांब रेघ ओढीत जाते.

धूळ जळताना पाहणे निराळे व धूमकेतूजवळच ती पारखणे निराळे. १९८६ च्या मार्चात 'जोत्तो' हे यान हॅलेच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरांवरून गेले. धुळीच्या माऱ्याने ते डळमळले व त्याचा कॅमेरा निकामी झाला. जे दिसले ते असे, की पंधरा किलोमीटर लांबीचा तो गाभा आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम पंचविसावा हिस्सा परत फेकतो. बल्लारपूरच्या खाणीतला कोळसा त्यापुढे उजळ वाटावा! २००६ साली 'स्टारडस्ट' यानाने वाइल्ड-२ ह्या धूमकेतूची धूळ पृथ्वीवर आणली, तर त्या गारठ्यात जन्मलेल्या वस्तूत प्रखर उष्णतेतच बनणारी खनिजे सापडली. सूर्याजवळ भाजलेले कण इतक्या दूर कसे गेले, ह्यावर वाद अजून चालला आहे.

महाराष्ट्राचा ह्या कामातला वाटा जुन्नरच्या बाजूस, नारायणगावाजवळ गिरवलीच्या डोंगरावर आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण तेथे आहे. डिसेंबर २००८ मध्ये आदमचिक, अशोके सेन, रंजन गुप्ता प्रभृतींच्या चमूने तिच्यातून चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को ह्या अवघड नावाच्या धूमकेतूच्या धुळीवरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजले. पुढचे वेध मार्च २००९ मध्ये फ्रान्सातून घेतले. प्रकाशाच्या लहरी कोणत्या पातळीत किती झुकल्या आहेत, ह्यावरून कण घट्ट आहे की सैल, गोटी आहे की पिंजलेल्या कापसासारखा गुंता, ह्याचा अंदाज येतो. धूमकेतूंचे कण हे बारीक बारीक कणांचे पोकळ गुंते असावेत, असे ही रीत पुष्कळ दिवसांपासून सुचवीत होती. ऑगस्ट २०१४ मध्ये 'रोझेट्टा' यान ह्याच धूमकेतूपाशी जाऊन दोन वर्षे राहिले. त्यावरील सूक्ष्मदर्शकाने कण प्रत्यक्ष पाहिले तेव्हा ते तसेच निघाले. गिरवलीच्या डोंगरावरून कोट्यवधी किलोमीटर दूरच्या एका कणाची वीण ओळखता येते, ह्यास आम्ही साधी गोष्ट म्हणणार नाही.

परंतु उल्का मोजण्यास गिरवलीच्या दुर्बिणीची गरज नाही. काळोख, उघडे आभाळ व जागा राहिलेला माणूस एवढे पुरते, आणि हे तिन्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडे अजून आहेत. चंद्रपूरच्या विजेच्या कारखान्याने व खाणींनी शहराभोवतीचा काळोख केव्हाच गिळला. एटापल्लीकडे सुरजागडच्या लोखंडाबरोबर तेथेही रात्रीचे दिवे गेले. तरीही अहेरीच्या पुढे, भामरागडाच्या अंगास, अमावास्येची रात्र अजून जुन्या अर्थाने अमावास्येची आहे. लाडबोरीचे कडे पाहण्यास गर्दी लोटली, इस्रोचे शास्त्रज्ञ आले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले; ते योग्यच झाले. पण धूमकेतूंची धूळ ह्या रानावर दरवर्षी ठरल्या रात्री येते व तिची नोंद कोणी करीत नाही.  ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात उभ्या धानाच्या राखणीवर असलेल्यास मृगाजवळून येणाऱ्या उल्का दिसतात, आणि त्या हॅलेच्या आहेत. मेच्या आरंभी तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. उन्हे चढण्यापूर्वी पाने तोडून व्हावीत म्हणून बायामाणसे अंधारातच रानाची वाट धरतात. त्यांच्या माथ्यावर पूर्वेकडून कुंभेच्या ज्या उल्का सुटतात त्याही हॅलेच्याच.

ह्या कुंभेच्या धुळीचे वय फार मोठे आहे. हॅलेची वाट आता पृथ्वीच्या वाटेपासून इतकी दूर सरली आहे, की त्याची ताजी धूळ आपणांपर्यंत पोचत नाही. येते ती जुनीच. २०१३ च्या मेमध्ये कुंभेच्या उल्का नेहमीच्या दुपटीने पडल्या, त्यांतील बरेचसे कण इ. स. पूर्वीच्या बाराव्या व दहाव्या शतकांतील दोन आगमनांच्या वेळी सुटलेले होते, असे गणित सांगते. हॅले स्वतः ९ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकावरून परत फिरला आहे. नेपच्यूनपलीकडच्या त्या थंडीत त्याची धूळ सुटत नाही. २०६१ च्या जुलैत तो सूर्यापाशी येईल तेव्हा पुन्हा सुटू लागेल.